हौद्यातली आखणी

फायनलच्या आदल्या रात्री
तालमीच्या हौद्यात, तांबड्या मातीत
निगवेकर मास्तरांनी अंगठ्यानं मैदान काढलं.
दोरीवर लंगोट वाळत होते.
मातीला ताकाचा, हळदीचा वास.
आम्ही अकरा शेंगदाणे,
चिंचेच्या तालमीचे अकरा हरभरे.

"चार-चार-दोन ही आपली वडिलार्जित," मास्तर म्हणाले,
"थोरल्याच्या सदऱ्यागत. अंगाला बसती,
पर काखंत उसवती."
मग हरभरे मांडले. तीन, पाच, दोन.
"आता मोजा."

आम्ही मोजलं.
मधे त्यांचे तीन, आपले दोन.
म्हणजे इसाक आणि भगवान पळून पळून जीभ काढणार,
आणि त्यांचा तिसरा
मिरजकर तिकटीला कुणाची वाट बघत उभा राहावा
तसा निवांत, मोकळा, चेंडू मागत.
मागं त्यांचे तीन, आपले पुढचे दोन.
एक हरभरा नुसताच शिल्लक,
लग्नातल्या मामासारखा.
काम काही नाही, लक्ष सगळीकडं.

कडेला मात्र त्यांचा एकच.
वर तोच, खाली तोच.
"ह्याचं फुफ्फुस एक, तुम्ही दोघं,"
मास्तरांनी दाण्याला दाणा टेकवला.
त्यातला डावीकडचा, मागचा दाणा मी.

"डावाला तोड असती. तोडीलाबी तोड असती.
धनाजीला मी खाली वडतो."
पुढचा एक दाणा मधे सरकला.
झाले तिनास तीन.
आणि मागं एका दाण्याभोवती तीन हरभरे,
मैदानात उतरलेत पण जोड लागेना अशा पैलवानांसारखे
मांड्या थोपटत.
"ह्यातला एक चिडंल. चिडून पुढं यील.
आला, की त्येच्या पाठीमागं जे उरतं
त्येला मी मैदान म्हणतो.
बाकी नुसतं गवात."

कुणीतरी विचारलं,
"आणि त्यांनी चार-तीन-तीन लावली तर?"
मास्तर गप्प.
मग एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकला.
"तर धा जणांत खेळू."

निघताना मला एकट्याला म्हणाले,
"तू वर जायाचं न्हाईस. कायबी झालं तरी."
गंगावेशीत उभ्या उभ्या दूध प्यालो.
ओठावरचा फेस पुसताना
मला तेवढं एकच वाक्य टोचत होतं.

शाहू स्टेडियमवर ऊन पश्चिमेच्या बाजूनं डोळ्यांत घुसत होतं.
हलगी थांबायला तयार नव्हती.
साठ मिनिटं कुणीच चिडलं नाही.
एकसष्टाव्याला चिडला.
त्यांचा मधला, उंच, कानात बाळी असलेला हरभरा
धनाजीच्या मागं तरातरा वर आला,
इसाकनं न बघताच चेंडू त्या जागी सोडला,
आणि जाळीनं पोटात घेतला.
मास्तर बाकावरून उठलेसुद्धा नाहीत.

त्यानंतरचं मी फार जणांना सांगत नाही.
माझ्यापुढं डावी कड उघडी पडली होती,
नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखी.
त्यांचा कडेचा गडी कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता.
मी गेलो.
तीस पावलं असतील. चाळीस.
गॅलरीत माझ्या नावाचा ओरडा झाला, आयुष्यात एकदाच.
चेंडू कुणाच्या तरी नडगीला लागून उलटा फिरला,
आणि माझ्या पाठीमागं जे उरलं होतं
त्याला त्यांनीही मैदानच म्हटलं.
दोनदा.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोरांनी हौदा खणला,
पाणी मारलं, जोर काढले.
तीन-पाच-दोन गेली, चार-चार-दोन गेली,
माझी तीस-चाळीस पावलं तर तिथं नव्हतीच.

मी तालमीत गेलो तो आठवड्यानं, मान खाली घालून.
मास्तर हौद्याच्या डाव्या कोपऱ्याशी उकिडवे बसले होते.
खोऱ्याला चुकलेला एक हरभरा
दोन पानं काढून उभा होता.
"बघ," ते म्हणाले,
"कुणी धरला न्हाई की आसं हुतं."
आणि बोटानं त्याच्या बुडाशी
जरा माती सारली.